पाचशे सिंह, आणि वहीतले चार

प्रश्न थोडक्यात असा आहे: "अरबी भाषेत सिंहाला पाचशे शब्द आहेत असं वाचलं. हे खरं आहे का? असतील तर एवढे शब्द आले कुठून? आणि हैदर, अब्बास, हमजा या सगळ्यांचा अर्थ 'सिंह'च कसा काय?"

शब्द आहेत. पण त्यांतली बहुतेक मुळात विशेषणं आहेत. ज्यांना सिंहाचं नाव म्हणावं असे शब्द दोन्ही हातांच्या बोटांवर मोजून संपतात.

मी अरबी शिकायला लागलो तेव्हा मलाही या यादीचं वेड लागलं होतं. कोशातून शोधून ऐंशीच्या वर नावं एका वहीत उतरवली आणि मोठ्या अभिमानाने गुरुजींपुढे ठेवली. त्यांनी चष्मा सरकवला, पानं उलटली आणि लाल पेन्सिलीने चार शब्दांना गोल केला: असद, लैथ, लबुआ, उसामा. "ही चार पाठ कर. बाकीची भेटतील तेव्हा आपली ओळख आपणच सांगतील." तेव्हा राग आला होता. पुढे पंचवीस-तीस वर्षं जुनी अरबी कविता वाचली, शिकवली, आणि आता मीही विद्यार्थ्यांच्या वहीत तेच गोल करतो. फक्त एक पाचवा गोल माझा आहे, तो पुढे येईल.

पाचशे हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. इब्न खालवैह नावाचा व्याकरणकार, मूळचा इराणातल्या हमदानचा, दहाव्या शतकात सीरियातल्या अलेप्पोला, तिथला अमीर सैफ उद्दौला याच्या दरबारी होता. 980 मध्ये वारला. "मी सिंहाची पाचशे आणि सापाची दोनशे नावं जमवली आहेत," असं तो सांगायचा. त्याच्या तोंडून हे ऐकलेल्या माणसाने ते इब्न फारिस या कोशकाराला सांगितलं आणि त्याने ग्रंथात नोंदवलं. मग या यादीची परंपराच पडली. 1181 मध्ये लाहोरला जन्मलेला आणि 1252 मध्ये बगदादला वारलेला अस्-सगानी याने सिंहाच्या नावांवर वेगळी पुस्तिका केली, पुढे कैरोच्या सुयूतीनेही केली. तो 1505 मध्ये वारला.

गंमत अशी, की या हिशेबातली चूक इब्न खालवैहच्या तोंडावरच दाखवली गेली होती. दरबारात तो म्हणाला, मला तलवारीची पन्नास नावं येतात. समोर अबू अली अल्-फारिसी बसला होता. तोही व्याकरणकार, आणि माझ्या मते जास्त पक्का. तो हसला आणि म्हणाला, "मला एकच येतं. सैफ." इब्न खालवैह म्हणाला, "मग मुहन्नद, सारिम, आणि बाकीची?" अबू अली म्हणाला, "ती विशेषणं. शेखसाहेबांना नाव आणि विशेषण यांतला फरक कळत नाही असं दिसतं." सारिम म्हणजे तोडणारी. मुहन्नद म्हणजे 'हिंद'ची, आपल्याकडच्या पोलादाची. कवी नुसतं 'मुहन्नद' म्हणायचा आणि ऐकणाऱ्याला तलवार दिसायची.

तलवारीला लागू पडतं ते सिंहालाही पडतं. आपल्याकडे हे नवं नाही. अमरकोशातली ओळ आठवा: सिंहो मृगेन्द्रः पञ्चास्यो हर्यक्षः केसरी हरिः. यात सिंह हे नाव. मृगेंद्र ही पदवी, पंचास्य आणि हर्यक्ष ही वर्णनं. केसरी म्हणजे आयाळवाला. पण 'केसरी' म्हणताना कुणाला आयाळ आठवत नाही. लोकांना सिंह आठवतो, पुण्यात वर्तमानपत्र. विशेषण असंच नामाला गिळून त्याच्या जागी बसतं. अरबीत हे इतक्या वेळा घडलं की लोकांना ढीग दिसतो, गिळलेलं नाम दिसत नाही.

आता गुरुजींच्या चार शब्दांकडे येतो, कारण मुळाचा खरा प्रश्न तिथेच आहे.

सगळ्यांत जुना शब्द सिंहिणीचा निघाला. लबुआ. बाबिलोनच्या अक्कादी भाषेत सिंह म्हणजे लब्बू, सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारितमध्ये लबू, हिब्रूत लावी. म्हणजे अरबी, हिब्रू, अक्कादी या बहिणी एका घरात राहत होत्या तेव्हापासूनचा हा शब्द. मग अरबीत तो फक्त मादीसाठी का उरला? नराचा शब्द गेला कुठे? याचं उत्तर 'लिसान अल्-अरब' या महाकोशात एका ओळीत पडलेलं आहे. हा कोश करणारा इब्न मन्झूर 1311 मध्ये वारला. तो 'लबू' म्हणजे सिंह असं देतो आणि पुढे म्हणतो, हा शब्द 'उमीत' झाला. शब्दशः, त्याला मारून टाकण्यात आलं. लोकांनी तो वापरणं जवळजवळ सोडून दिलं, असा खुलासाही शेजारीच आहे. मी ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा वाचनालयात बसल्या बसल्या मोठ्याने हसलो होतो. कोशकाराने शब्दाचा मृत्यू नोंदवला आणि विधवा मात्र सातशे वर्षांनंतरही नांदते आहे. आजही वर्तमानपत्राच्या अरबीत सिंहीण म्हणजे लबुआच.

लैथ हा दुसरा जुना. हिब्रूत लायिश, तिची बहीण अरामी हिच्यात लैता. इथे ध्वनींचा नियम इतका स्वच्छ दिसतो की वर्गात मी हेच उदाहरण देतो. अरबीत जिथे 'थ' (जिभेचं टोक दातांत धरून, 'स'च्या जवळचा), तिथे हिब्रूत 'श' आणि अरामीत 'त'. बैल: थौर, शोर, तोरा. तीन: थलाथा, शालोश, तलाथा. त्याच रांगेत लैथ, लायिश, लैता. होमरच्या ग्रीकमध्ये सिंहाला 'लीस' असा एक दुर्मीळ शब्द येतो, त्याचा धागाही अनेक अभ्यासक याच घराण्याशी जोडतात.

पण अरबी कोशकारांसमोर हिब्रू-अरामीची ही रांग नव्हती. त्यांचा विश्वास असा, की प्रत्येक नामामागे एक धातू आणि प्रत्येक धातूमागे एक अर्थ असतोच. म्हणून इब्न फारिसने ल-य-थ या धातूचा मूळ अर्थ 'शरीराचं बळ' असा ठरवला आणि सिंह त्यातून काढला. उलटं आहे ते. आधी सिंह, मग त्यावरून 'सिंहासारखं बळ'. जुन्या कोशांतल्या व्युत्पत्ती वाचताना ही एक खूणगाठ बांधून ठेवावी. कोशकाराची अर्थाची नोंद डोळे मिटून घ्यावी, व्युत्पत्ती मात्र पारखून.

हिब्रूतला नेहमीचा शब्द मात्र अर्ये. त्याचं अरबी भावंड शोधायला गेलं की भलतंच काही हाती लागतं. अरबीत 'अर्वा' म्हणजे डोंगरातल्या रानबकऱ्या. अक्कादीत त्याच घराण्यातला शब्द हरणासाठी. इथिओपियाच्या गीझ भाषेत 'अर्वे' म्हणजे श्वापद, कधी सापसुद्धा. मुळात अर्थ 'रानातलं जनावर' एवढाच असावा. मग ज्याच्या रानात जे ठळक, त्याला ते नाव चिकटलं. एकाला सिंह, दुसऱ्याला त्याचं भक्ष्य.

मग असद? रोजच्या अरबीत सिंह म्हणजे असद, पण बहिणींकडे सिंह या अर्थाने हा शब्द नाही. भावंड सापडतं ते दक्षिणेला, येमेनच्या प्राचीन सबाई शिलालेखांत. तिथे हीच तीन व्यंजनं 'माणसं, सैनिक' या अर्थाने येतात. आता यातून दोन वाटा निघतात. योद्ध्याला सिंह म्हणता म्हणता तो शब्द सैनिकाला चिकटला, की 'योद्धा' हा शब्द आदराने सिंहाला दिला गेला? माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. कारण सिंहाचं जुनं नाव, लबू, अरबीतच मेलेलं दिसतं आणि त्याची जागा कुणीतरी बाहेरून येऊन घेतलेली आहे. जागा रिकामी झाल्याशिवाय नवा भाडेकरू येत नाही.

हा नवा भाडेकरूही काही कालचा नव्हे. सीरियातल्या नमारा इथे 328 सालचा एक शिलालेख सापडला, तो आज पॅरिसला लुव्रमध्ये आहे. त्यात इम्रुल् कैस नावाच्या राजाला 'दोन्ही असदांचा राजा' म्हटलं आहे. हे असद म्हणजे टोळ्या. आणि आकाशात पाहाल तर वाळवंटातल्या अरबांचा असद आपल्या सिंह राशीपेक्षा केवढा तरी मोठा होता. आपलं पुनर्वसू हा त्याचा पुढचा पाय (झिराअ), पुष्य हा नाकाचा शेंडा (नथ्रा), मघा हे कपाळ (जबहा), आणि पार चित्रेपर्यंत मागचे पाय पसरलेले. चंद्राच्या मुक्कामांची ही नावं आहेत. ज्या जनावराच्या अवयवांवरून लोक रात्रीचा हिशेब ठेवतात, त्याचं नाव त्यांच्या तोंडी चांगलंच मुरलेलं असतं.

एक गोष्ट बहुतेकांना धक्का देते. कुराणात असद हा शब्द एकदाही येत नाही. लैथही नाही. सिंह येतो तो एकदाच, 74व्या सूरेत (अध्यायात), आणि तोही 'कस्वरा' या विचित्र नावाने. उपदेशापासून पळणारे लोक म्हणजे कस्वरापासून बुजून पळणारी गाढवं, असं ते चित्र आहे. कस्वरा म्हणजे काय यावर जुन्या भाष्यकारांत मतभेद: कुणी म्हणे सिंह, कुणी म्हणे तिरंदाज, शिकारी. तबरी या भाष्यकाराने आपल्या भाष्यात पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्या नावाने एक सुरेख यादी दिली आहे: अरबीत असद, फारसीत शार, नबाती (म्हणजे अरामी) भाषेत अर्या, आणि हबशी भाषेत कस्वरा. यातला फारसी शब्द आपल्याला 'शेर' म्हणून ओळखीचा आहे. अर्या तर वर आलेला अर्येच. म्हणजे तीन नोंदी बरोबर. चौथ्या ठिकाणी मात्र घोडं अडतं, कारण इथिओपियाच्या भाषांत सिंहाला कस्वरा म्हणत नाहीत. तिथला शब्द निराळा आहे. अरबी 'कस्र' म्हणजे बळाने नमवणं, आणि त्यातून कस्वरा म्हणजे नमवणारा, हीच व्युत्पत्ती मला सरळ वाटते. अपरिचित शब्द दिसला की परदेशी ठरवून मोकळं व्हायचं, हा मोह तेव्हाही होता.

आणि तो निराळा हबशी शब्द म्हणजेच माझा पाचवा गोल: अन्बस. गीझमध्ये सिंह म्हणजे अन्बसा, आजच्या अम्हारीत अन्बेसा. इथिओपियाच्या सम्राटांच्या 'यहुदाचा विजयी सिंह' या बिरुदात तोच शब्द आहे. अदिस अबाबाच्या शहर बसचंही नाव वर्षानुवर्षं अन्बेसाच होतं. अरबीत अन्बस आणि अन्बसा दोन्ही आहेत, उमय्या घराण्याच्या एका शाखेला 'अनाबिस' म्हणजे सिंहमंडळी म्हणत. अरबी कोशकारांनी यातला 'न' भर घातलेला मानला आणि शब्द 'अबस' म्हणजे कपाळाला आठ्या घालणं, यातून काढला. आठ्याळ चेहऱ्याचा तो अन्बस. ऐकायला गोड आहे. पण लाल समुद्राच्या पलीकडे हाच शब्द सिंहाचं साधं, रोजचं नाव आहे. त्याला आठ्यांचा आधार लागत नाही. म्हणून अन्बस हा जुना, दोन्ही किनाऱ्यांचा शब्द, आणि आठ्या त्याला नंतर पडल्या, असं माझं मत.

अब्बासचं तसं नाही. तो खरोखर आठ्यांतूनच आला. धातू तोच, साचा मात्र 'पुन्हा पुन्हा करणारा' या अर्थाचा. अब्बास म्हणजे सारखा कपाळ चढवलेला, ज्याला पाहून दुसरे सिंहही पळतात. पैगंबरांच्या काकांचं हे नाव, त्यांच्यावरून अब्बासी खिलाफत.

इथून पुढे तो मोठा ढीग सुरू होतो. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द म्हणजे सिंह काहीतरी करतोय, नाहीतर कसातरी दिसतोय. 'दग्म' म्हणजे तोंड भरून चावा, त्यात 'य' घुसवला की दैगम. त्याच्याच शेजारचा दिर्गाम. 'फर्स' म्हणजे भक्ष्याची मान मोडणं. त्यातून फर्रास, फिरास, फिर्नास, फुरानिस. आणि भक्ष्य ते फरीसा. 'हस्र' म्हणजे धरून ओढून वाकवून मोडणं. त्यातून हसूर आणि हैसर. हाडं मोडण्याचा आवाज अरबी कानाला 'कद्कद' असा येतो, म्हणून सिंह कुदाकिद. आपल्याकडे हाडं कडाकडा मोडतात. नातं काही नाही, पण हाडं सगळीकडे सारखीच मोडत असावीत. 'खिद्र' म्हणजे पडदा, आडोसा. झाडीच्या पडद्याआड बसलेला तो खादिर. 'अफर' म्हणजे धूळ. भक्ष्याला धुळीत लोळवणारा तो अफर्ना.

हे नाव की विशेषण, हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे: तोच शब्द दुसऱ्या कुणाला लावता येतो का ते पाहावं. अफर्ना हे दणकट सांडणीलाही म्हणत. गदन्फर (आपल्याकडे 'झ' लावून गझनफर) हा शब्द ऐकताच आज फक्त सिंह आठवतो, पण जुन्या कोशांत तो मुळात 'जाडजूड, राकट' असा आहे, आणि जाड केसाळ कानालाही चालतो! असद मात्र कानाला लावता येत नाही. उलट असदवरूनच क्रियापद बनतं. पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका जुन्या कथेत अकरा बायका आपापल्या नवऱ्यांचं वर्णन करतात. त्यांतली एक म्हणते: घरात आला की 'फहिद', बाहेर पडला की 'असिद'. म्हणजे घरात चित्त्यासारखा झोपाळू आणि दारं-खिडक्यांकडे लक्ष नसलेला, बाहेर मात्र सिंह. संसाराचं इतकं नेमकं वर्णन दोन क्रियापदांत फारसं वाचलेलं नाही.

विशेषण नामाची जागा कशी घेतं, ते पाहायला मुतनब्बी बरा. हा कवी 965 मध्ये मारला गेला. तरुणपणी त्याने बद्र इब्न अम्मार या सरदारावर कविता केली. तिथे सरदाराने सिंहाला चाबकानेच लोळवल्याचं वर्णन आहे. त्यात तो विचारतो: लैथ हिझब्रला चाबकाने धुळीत लोळवणाऱ्या, मग ती पाजळलेली तलवार ठेवलीस तरी कुणासाठी? एकाच ओळीत लैथ हे नाव आणि हिझब्र हे दुसरं, खांद्याला खांदा लावून, पण हिझब्र इथे विशेषणाच्या जागी आहे. 'धुळीत लोळवणारा' यासाठी तो अफर्नाचाच धातू वापरतो: ज्या क्रियेवरून सिंहाला नाव मिळालं तीच क्रिया इथे सिंहावर उलटली. पुढे तो सिंहाला 'वर्द' म्हणतो. वर्द म्हणजे तांबूस. गुलाबही वर्दच, आणि तांबूस सिंहही. 'वरद' म्हणजे पाण्यावर येणं. तर हा वर्द तिबेरियाच्या सरोवरावर पाणी प्यायला येतो आणि त्याची डरकाळी फुरात आणि नाईलवर जाऊन पोचते. हे मराठीत आणता येत नाही, मी बऱ्याचदा प्रयत्न केला आहे. ज्याला वर्द हा शब्द फक्त यादीतून माहीत आहे, त्याला इथे काहीच दिसणार नाही.

ढीग वाढायला आणखी एक कारण झालं. आठव्या-नवव्या शतकांत इराकातल्या बसरा आणि कूफा इथले भाषापंडित वाळवंटातल्या टोळ्यांकडे जाऊन किंवा त्यांची माणसं गाठून शब्द टिपून घेत. एका टोळीचा शब्द, दुसरीचा शब्द, सगळे एकाच पोत्यात. त्यामुळे 'सिर्हान' म्हणजे लांडगा हे सगळ्यांना माहीत असताना कोश पुढे सांगतो: हुझैल टोळीच्या बोलीत सिंह. 'सीद'चंही तेच. म्हणजे पाचशेंतले हे दोन शब्द एका टोळीसाठी सिंह आणि शेजारच्या टोळीसाठी लांडगा. उद्या कुणी वऱ्हाडी, मालवणी आणि अहिराणी एका कोशात ओतून "मराठीत अमुक वस्तूला चाळीस शब्द" असं म्हणाला तर आपण काय म्हणू, तेच इथेही म्हणावं.

"सिंहाचं नाव घ्यायला भीती वाटे, म्हणून आडवळणाची नावं वाढली" असंही सांगितलं जातं. थोडं खरं असेल. आपल्या खेड्यांतही रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात, जनावर म्हणतात. अरबीत त्याच्या जवळचा शब्द 'सबुअ', म्हणजे कुठलंही हिंस्र श्वापद. बोलीत झीज होऊन तो सबअ झाला आणि आज इजिप्तपासून मोरोक्कोपर्यंत सिंहाचाच अर्थ देतो. पण पाचशेचा भार या एका कारणावर टाकू नये. गदन्फर किंवा दिर्गाम म्हणणारा माणूस सिंहाचं नाव टाळत नसतो, मिरवत असतो.

मला यमक जास्त पटतं. अभिजात अरबी कवितेत पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत एकच यमक, मग ओळी चाळीस असोत की शंभर. 'र'वर संपणाऱ्या कवितेत असद काय कामाचा? तिथे हैदर हवा, गदन्फर हवा, कस्वर हवा. 'म'वर संपत असेल तर दैगम आणि दिर्गाम दारातच उभे. शिवाय प्रत्येकाचं लघु-गुरूचं वजन वेगळं. कवीला सिंह एकच लागे, मापं मात्र अनेक.

आणि सिंह खरोखर होता, हे विसरू नये. गीरमध्ये आज जो सिंह आहे, त्याचेच भाऊबंद अरबस्तानात आणि इराकात फिरत. कूफेजवळचं खफ्फान, नैर्ऋत्येकडचं बीशा आणि तर्ज ही सिंहांची ठिकाणं म्हणून कवितेत पुन्हा पुन्हा येतात. 'शराचे सिंह' (शरा हेही असंच एक ठिकाण) हा तर शूरांसाठीचा ठरलेला शब्दप्रयोग. अबू झुबैद नावाच्या ख्रिस्ती कवीने खलिफा उस्मानपुढे आपण पाहिलेल्या सिंहाचं वर्णन इतकं रंगवलं की खलिफाच ओरडला, पुरे, मुसलमानांची काळजं हलवलीस! बाराव्या शतकात सीरियातल्या शैझरचा उसामा इब्न मुन्किझ आपल्या आठवणींत सिंहाच्या शिकारी अशा सांगतो, जशा आपल्याकडे जुनी माणसं रानडुकराच्या सांगतात.

त्याचं नाव उसामा, म्हणजे पुन्हा सिंहच. हा गुरुजींचा चौथा गोल. या धातूतून कोशात दुसरं काहीच निघत नाही, शब्द एकटाच उभा आहे. त्याचं व्याकरण मात्र मजेदार आहे. उसामाला 'अल्' लागत नाही, कारण तो विशेषनाम मानला जातो. पण कुठल्या एका सिंहाचा नाही, साऱ्या जातीचा. 'हा बघ उसामा आला' असं कुठल्याही सिंहाला म्हणावं. कोल्ह्याला असाच थुआला. आपल्या गोष्टींतला वाघोबा या शब्दाच्या सगळ्यांत जवळ जातो. त्याशिवाय सिंहाला माणसासारख्या 'अमक्याचा बाप' अशा कुन्याही आहेत: अबुल् हारिथ, अबू फिरास. सैफ उद्दौलाचा चुलतभाऊ, प्रसिद्ध कवी अबू फिरास, याचं पाळण्यातलं नाव हारिथ. म्हणजे सिंहाच्या दोन्ही कुन्यांतले शब्द एकाच्याच वाट्याला. आणि त्याच्या कविता गोळा करून त्यावर टीपा लिहिणारा कोण, तर पाचशे नावांचा मालक इब्न खालवैह!

नावांचं वेड असं सगळीकडे दिसतं. नवव्या शतकात अंदलूसमध्ये, म्हणजे मुस्लिम स्पेनमध्ये, पंख लावून उडायचा प्रयत्न केलेला अब्बास इब्न फिर्नास हा शब्दशः सिंह, सिंहाचा मुलगा. 1164 मध्ये मारला गेलेला इजिप्तचा फातिमी वजीर अबुल् अश्बाल दिर्गाम म्हणजे 'छाव्यांचा बाप सिंह'. असली नावं का ठेवता, असं कुणीतरी विचारलं त्याचं उत्तर इब्न दुरैदने आपल्या व्युत्पत्तीच्या ग्रंथात नोंदवून ठेवलं आहे: अरब मुलांची नावं शत्रूंसाठी ठेवतात आणि गुलामांची स्वतःसाठी. म्हणून मुलगा सिंह, लांडगा, खडक. घरात दिवसभर हाका मारायच्या तो गुलाम मात्र कुणी 'शुभ', कुणी 'यशवंत'.

आता प्रश्नातला हैदर. कोशकार त्याला ह-द-र या धातूत बसवतात: जाड मान, दणकट बाहू. याचा सगळ्यांत प्रसिद्ध उल्लेख 628 मधल्या खैबरच्या लढाईतला. पैगंबरांचे जावई अली पुढे आले आणि म्हणाले: मी तो, ज्याचं नाव आईने हैदरा ठेवलं, रानातल्या भेसूर लैथसारखा. पहिल्या अर्ध्यात हैदरा, दुसऱ्यात लैथ. दोन्ही शब्द सिंहाचेच, पण उपमा द्यायची वेळ आली तेव्हा लैथ लागला. हैदरा त्या ओळीत नाव म्हणून उभा आहे, लैथ जनावर म्हणून. अलींवरून हे नाव इराणमार्गे आपल्याकडे आलं. म्हैसूरचा हैदर अली तोच, आणि ज्या हैदराबाद संस्थानात 1948 पर्यंत मराठवाडा होता, त्या शहराच्या नावातला हैदरही सहसा तसाच उलगडला जातो.

हमजा राहिला. पैगंबरांचे हे दुसरे काका, ज्यांना 'अल्लाहचा सिंह' म्हणत. धातूचा मूळ अर्थ जिभेला झोंबणं, तिखटपणा. त्यावरून कणखर, त्यावरून सिंह. हा शब्द आणि अरबी लिपीतला 'हमजा' हे अक्षर एकच समजण्याची चूक देवनागरीत वाचणारे हमखास करतात, कारण आपण दोन्हीकडे एकच 'ह' लिहितो. अरबीत ते दोन वेगळे 'ह' आहेत: काकांच्या नावातला घशातून घासून येणारा, अक्षराच्या नावातला साधा. त्या अक्षरात सिंह नाही.